ला बायादेर : निकिया कोणाची भारी, गमझात्ती कोणाची?

अबोली_मडगाव

या पावसाने घरात कोंडून घातल्यावर आमच्या ग्रूपने मैत्रिणीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून लागोपाठच्या रविवारी लंडनच्या रॉयल बॅलेच्या 'ला बायादेर'ची दोन रेकॉर्डिंग बघितली, एक २००९चं आणि एक २०१८चं. तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर नुसती भांडणं चाललीत, म्हणून म्हटलं धागाच काढू.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोवळकोंड्याचा राजा, देवळात नाचणारी निकिया, तिला अग्नीच्या साक्षीने वचन देणारा योद्धा सोलोर. राजा आपल्या मुलीचं, गमझात्तीचं, लग्न सोलोरशी ठरवतो आणि हा गप्प बसतो. देवळाच्या मुख्य पुजाऱ्याचा निकियावर डोळा आहे तो वेगळाच. साखरपुड्यात निकियालाच नाचायला लावतात, फुलांच्या करंडीतून साप, ती मरते. मग सोलोर अफू ओढून पडतो आणि त्याला पांढऱ्या सावल्यांचं राज्य दिसतं. शेवटी सोलोर-गमझात्तीच्या लग्नात देऊळ सगळ्यांच्या डोक्यावर कोसळतं. मारियुस पेतिपाने १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला बसवलं, संगीत मिंकुसचं. रॉयल बॅले करतं ते नतालिया माकारोवाचं रूप, जे तिने १९८० मध्ये अमेरिकन बॅले थिएटरसाठी बसवलं होतं.

आता मुद्दा. २००९ मध्ये तमारा रोहो निकिया आणि मारिआनेला नुन्येझ गमझात्ती. २०१८ मध्ये हीच नुन्येझ निकिया झालीय आणि गमझात्तीला नतालिया ओसिपोवा. म्हणजे एकच बाई साप पाठवणाऱ्यांच्या बाजूनेही बघायला मिळते आणि साप चावून मरतानाही! मला नुन्येझची गमझात्ती निकियापेक्षा जास्त आवडली आणि त्यावरून ग्रूपमध्ये मला वाळीत टाकलंय. तिच्या गमझात्तीला आपण दुष्ट आहोत हेच माहीत नाही, लहानपणापासून मागितलं ते मिळालं, आता हा पुरुष हवाय, तर अडचण काय? अशी ती नाचते. निकिया म्हणून ती फार सुंदर आहे, हात तर काय वर्णावे, पण मला तिची काळजी वाटली नाही. रोहोची वाटली.

फोंड्याचा_फकीर

आधी मला सांगा तो फकीर मगदावेया अर्ध्या वस्त्रात आगीभोवती माकडासारखा का नाचतोय? आणि देवळात सगळे एकमेकांना सलाम काय करतात, मध्येच नमस्कार काय करतात. मी अर्ध्या तासात हसून हसून बेजार. एका बाईच्या हातांवर पोपट बसवलेत. मग तो सोनेरी रंग फासलेला देव उठून उड्या मारायला लागला, माझी आई म्हणाली हा कुठचा रे देव, मी म्हटलं रशियातला.

सुसाट_म्हापसा

@फकीर रशियातलाच आहे तो 😀 सोनेरी मूर्तीचा नाच पेतिपाचा नव्हेच, १९४८ मध्ये निकोलाय झुबकोव्स्कीने स्वतःसाठी बसवलेला. दोन-अडीच मिनिटांचं काम पण हॉलमध्ये टाळ्या सगळ्यात जास्त त्याला.

बाकी अबोली, तू ओसिपोवाबद्दल एक ओळ लिहून सुटलीस हे चालणार नाही. गमझात्ती तिचीच. साखरपुड्यातल्या त्या मोठ्या नाचात इटालियन फूएते येतात, म्हणजे पाय समोरून उंच फेकायचा, वळायचं आणि तोच पाय मागे वाकडा धरायचा, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा एका पायाच्या चवड्यावर. बाकीच्या बायका ते 'करून दाखवतात'. ओसिपोवा ते निकियाच्या तोंडावर मारते. मी सोफ्यावरून उठलो होतो.

नूपुर_पणजी

मी कला अकादमीत कथक शिकले, बॅलेचं शिक्षण शून्य, त्यामुळे पारखून घ्या.

सुसाट यांचं बरोबर आहे की ओसिपोवाची ताकद भयंकर आहे, पण मला नेमकी तीच अडचण वाटली. गमझात्ती राजकन्या आहे. राजकन्येला धाप लागत नाही. नुन्येझच्या गमझात्तीला चक्कर घेताना बघा, शेवटची चक्कर संपते तिथे शरीर असं थांबतं की जणू थांबायचं तिने सकाळीच ठरवलं होतं. आमच्याकडे सम गाठायची म्हणजे असं. ओसिपोवा सम गाठते पण धावत येऊन गाठते.

एक गंमत म्हणजे चकरांची युक्ती दोन्हीकडे सारखी, नजर समोर एका जागी रोखायची, मान अगदी शेवटच्या क्षणी झटक्यात फिरवायची. फरक खाली आहे. आम्ही टाच जमिनीत रोवून फिरतो, वजन खाली, घुंगरू बोंब मारून सांगतात पाय कुठे पडला ते. त्यांचं सगळं चाललंय जमिनीशी आपला संबंध नाही हे दाखवायला. त्यामुळे पाय पडल्याचा आवाज आला की मला उलट बरं वाटायचं, म्हटलं चला, बाई माणूसच आहे.

पेडण्याचो_पावस

बुटात पुढे लाकूड असतं का हो? आमच्याकडे पैज लागलीय.

नूपुर_पणजी

@पेडण्याचो_पावस नाही, लाकूड अजिबात नाही. कापड, कागद आणि सरस यांचे थर वाळवून पुढचा भाग कडक करतात, तळाला एक ताठ पट्टी. घामाने मऊ पडतात म्हणून मोठ्या भूमिकेत एका प्रयोगातच जोडी संपते, कधीकधी अंकागणिक बदलतात. पैज कोण जिंकलं?

पेडण्याचो_पावस

बायको. 🙏

सांखळीचे_काका

मी आयुष्यभर गावच्या नाटकांचं नेपथ्य केलं, देवळाच्या उत्सवात, मांडवाखाली, मिळेल त्या फळ्यांवर, त्यामुळे माझं लक्ष नाचणाऱ्यांच्या आधी पायाखाली जातं. सावल्यांच्या प्रवेशात मागे उतार केलेला आहे आणि अंधारातून एक मुलगी येते, एक पाय मागे लांब ताणून पुढे झुकते, मग सरळ होऊन हात वर करून मागे वाकते, दोन पावलं पुढे, पुन्हा तेच. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. रॉयल बॅलेत अशा चोवीस. पॅरिसवाले बत्तीस उतरवतात. आता विचार करा, जी सगळ्यात आधी आली तिने हे सगळ्यात जास्त वेळा केलं, शेवटची मुलगी रंगमंचावर पोचेपर्यंत हिच्या मांडीत काय उरलं असेल? आणि हे उतारावर. उतारावर साधं तबक घेऊन चालताना आमची पात्रं घसरायची. वर पांढरे कपडे, पांढरा उजेड, लपायला जागा नाही, एकीचा पाय थरथरला तर पार शेवटच्या रांगेला दिसणार.

धाग्यात सगळे निकिया-गमझात्ती करताहेत ते ठीक आहे, मला विचाराल तर त्या संध्याकाळची हीरोइन ती पहिली मुलगी. तिचं नाव श्रेयनामावलीत चोवीस जणींत कुठेतरी बुडालेलं.

अबोली_मडगाव

काका, टाळ्या! आमच्या हॉलमध्ये त्या प्रवेशात चहा आणायला उठलेली बाई ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

फोंड्याचा_फकीर

मान्य. तिथे मी हसलो नाही. पण विचार करा, तिथे भारत संपलेला असतो, ना फकीर ना पोपट ना राजा. नुसत्या पांढऱ्या मुली. म्हणजे त्यांना जे जमतं तेच चांगलं होतं, मग आमच्या देवळांची वाट लावायची गरज काय होती?

व्हायोलिनवाला

@फकीर याचं उत्तर थोडं लांब आहे, गोड मानून घ्या.

१८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवदासींचा एक छोटा जथा साथीदारांसकट पॅरिसला नेला होता, त्यात अमानी नावाची नर्तकी होती. तेओफिल गोतिए हा कवी तिला बघून वेडा झाला, भरभरून लिहिलं त्याने. त्याच गोतिएने पुढे 'जिझेल' या बॅलेची संहिता लिहिण्यात हात घातला, १८४१. आता जिझेलची गोष्ट बघा: साधी मुलगी, वरच्या घरातला प्रियकर, त्याची ठरलेली श्रीमंत वधू, मुलीचा मृत्यू, आणि पुढच्या अंकात मेलेल्या मुली पांढऱ्या कपड्यात. बायादेरचा सांगाडा तोच आहे ना? आणि जिझेलच्या पहिल्या प्रयोगात त्या प्रियकराचं काम ल्युसियाँ पेतिपाने केलं, आपल्या मारियुसचा थोरला भाऊ. त्याच ल्युसियाँने १८५८ मध्ये गोतिएच्याच संहितेवर पॅरिसमध्ये 'शाकुंतल'चा बॅले बसवला. म्हणजे पेतिपाच्या घरात हा नकली भारत आधीपासूनच पडून होता. त्यांनी खरी भारतीय नर्तकी बघितली, तिला घरी पाठवून दिलं आणि तिच्या जागी आपल्याकडची मुलगी उभी केली. सेंट पीटर्सबर्गला पहिली निकिया एकातेरिना वाझेम होती.

संगीताबद्दल कोणी बोललं नाही म्हणून: मिंकुसला नावं ठेवायची फॅशन आहे, बँडवाला म्हणतात, आणि साखरपुड्याची मिरवणूक ऐकली की मीही म्हणतो. पण करंडीच्या आधी निकिया नाचते तिथे चेलो ऐका, आणि सावल्यांमध्ये लांब ओढणी धरून नाचते तिथे सोलो व्हायोलिन. तो तुकडा वाजवणाऱ्याचं काळीज तोंडात येतं, कारण तिकडे ती ओढणीचं एक टोक हातात घेऊन एका पायावर तोल सांभाळत फिरतेय आणि तुमचा सूर तिच्यापुढे अर्धा श्वास जरी पळाला तरी तिचा तोल गेला. या जागी मला नुन्येझ. अबोली, सॉरी. तिला घाईच नाही. वाद्यवृंद तिच्यासाठी थांबतोय असं वाटतं आणि तरी लय कुठे सुटत नाही.

सुसाट_म्हापसा

+१ ओढणीला. पण गमझात्ती ओसिपोवाच.

म्हार्दोळची

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

माझं घराणं कलावंतांचं. आजीच्या आधीच्या पिढ्या देवळाशी बांधलेल्या. आमच्या घरात या विषयावर फार बोललं जात नाही, आणि बोललं तर केसरबाई, मोगूबाईंची नावं घेऊन, अभिमानाचा भाग तेवढा. त्यामुळे हा बॅले मी जरा दात ओठ खाऊन लावला. पोपट, सलाम, माकडउड्या सगळं फकीर म्हणतात तसंच. पण एक प्रवेश असा निघाला की तो लिहिणाऱ्याला काही माहीत असेल असं मला वाटत नाही, तरी खरा निघाला. पहिल्या अंकात गमझात्ती निकियाला महालात बोलावते. दागिने पुढे करते, त्याला सोड म्हणते. सोलोरचं चित्र दाखवते. आणि नंतर याच निकियाला त्याच्या साखरपुड्यात नाचावं लागतं. नाही म्हणायची सोयच नाही, तो तिचा धंदा आहे ना, नाचणं. ज्याच्याशी नातं त्याच्याच घरच्या कार्यात जाऊन गायचं, समोर त्याची बायको बसलेली, गाणं झाल्यावर बिदागी घ्यायची आणि वाकून निघायचं, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून मी दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये एवढंच बघत होते की ही बाई धंदा म्हणून नाचतेय की दुःख म्हणून. रोहो मला पटली ती याच्यासाठी. तिची निकिया सुरुवातीला काम करतेय, पाठ ताठ, चेहरा आवरलेला, आणि काम करता करता ते हातातून निसटत जातं. नुन्येझची निकिया पहिल्या सुरापासून दुःखी आहे, फार सुंदर दुःखी आहे. पण कामावर आलेली बाई पहिल्या सुराला रडत नाही हो.

मुख्य पुजारी उतारा घेऊन येतो, औषधाची कुपी. माझी हो, जगशील. ती सोलोरकडे बघते, तो तोंड फिरवतो, आणि ती कुपी सोडून देते. रडायला मला या जागी आलं, दोन्ही वेळा, त्यात नाचणारीचं श्रेय किती आणि माझं किती ते सांगता येणार नाही.

अबोली_मडगाव

म्हार्दोळची ताई, तुम्ही लिहिलंत, देव बरें करूं. मला रोहोची काळजी का वाटली ते आत्ता कळलं.

नूपुर_पणजी

ताई, 'कामावर आलेली बाई' हे डोक्यातून जाणार नाही. मी तो तुकडा परत लावून बघितला. एक प्रश्न मात्र आहे, कॅमेरा. क्लोजअपमध्ये आपण चेहरा बघतोय, पण हा अभिनय तिसऱ्या मजल्यावरच्या माणसासाठी केलेला असतो. हॉलमध्ये बसलो असतो तर रोहोचा आवरलेला चेहरा वरच्यांना दिसला असता का? तिथे पाठ आणि मान बोलतात. नुन्येझची पाठ मागून बघा, ओढणीच्या नाचात नव्हे, मरायच्या आधी. मला वाटतं ती बाल्कनीसाठी नाचतेय आणि आपण तिला सोफ्यावरून मार्क देतोय.

सांखळीचे_काका

अगदी बरोबर नूपुर. उत्सवी नाटकात आमचे नट मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचायला इतका जोर लावायचे की पुढच्या रांगेतली पोरं दचकायची. त्या नटाचा मोबाइलवर क्लोजअप काढला तर भूत वाटेल. म्हणून मी म्हणतो कॅमेऱ्याने मिमिक म्हणजे ते हातवाऱ्यांचे संवाद असतात ना, ते जवळून दाखवूच नयेत. पूर्ण माणूस दाखवा. २०१८च्या रेकॉर्डिंगमध्ये गमझात्ती आणि निकियाच्या भांडणात सुऱ्याचा प्रसंग आहे, निकिया सुरा उचलते, दासी मध्ये पडते. तिथे दोघींची पूर्ण शरीरं एका चौकटीत दिसली तेवढा वेळ खरं नाटक झालं. शेवटी ओसिपोवा निकियाचा नाश करीन म्हणून मूठ आवळून खाली आणते. बाईंनी संगीत नाटकात काम करायला हवं होतं.

सुसाट_म्हापसा

काका 🔥🔥 हेच मी सांगतोय पहिल्यापासून.

आणि शेवटच्या अंकातही बघा. माकारोवाने तो देऊळ कोसळण्याचा अंक परत आणला, रशियात सोव्हिएत काळात तो गळलेला होता, मूळ संगीत हाताशी नव्हतं म्हणून जॉन लँचबेरीकडून नव्याने करून घेतलं. त्यात गमझात्तीला लग्नाच्या दिवशी तशीच फुलांची करंडी येते. ओसिपोवा ती बघून जी घाबरते ना! आधीची सगळी ताकद गळून जाते. तिची गमझात्ती घाबरू शकते म्हणून ती मला माणूस वाटते. नुन्येझची गमझात्ती घाबरली तरी मला वाटलं आता ही कुणालातरी कामावरून काढणार.

फोंड्याचा_फकीर

😂😂 हे मात्र खरं.

आई विचारतेय की सोलोरबद्दल कुणीच का लिहीत नाही. मी म्हटलं त्याने केलं काय लिहिण्यासारखं? वचन एकीला, लग्न दुसरीशी, आणि कठीण वेळ आली की अफू.

व्हायोलिनवाला

तुमच्या आईंना सांगा, सोलोर नाचायला सगळ्यात वाईट भूमिका आहे, कारण गोष्टीत तो काहीच ठरवत नाही आणि नाचात त्याला वीर दिसायचंय. २०१८चा सोलोर वादिम मुंतागिरोव इतका मऊ उतरतो की उडी संपल्याचं कानाला कळत नाही, उंच सडपातळ, सभ्य, त्याला बघून वाटतं हा बिचारा मोठ्यांसमोर बोलू शकला नसेल. क्षमा करावीशी वाटते. २००९च्या कार्लोस अकोस्टाला क्षमा करता येत नाही, तो अंगाने शिकारी आहे, वाघ मारून आलेला वाटतो, मग राजासमोरच गप्प कसा? पण त्यामुळेच अफूच्या प्रवेशात अकोस्टा जास्त लागतो. एवढा धिप्पाड माणूस असा कोलमडून पडलेला.

म्हार्दोळची

मुंतागिरोवला मी पण क्षमा केली नाही. सभ्य होते तेही सगळे.

फोंड्याचा_फकीर

आई म्हणते ताईंना शंभर मार्क.

अबोली_मडगाव

पुढच्या रविवारी नुरेयेव या नर्तकाने पॅरिसला बसवलेलं बायादेर लावतोय, बत्तीस सावल्यांचं. त्याने ते १९९२च्या ऑक्टोबरमध्ये आणलं आणि जानेवारीत गेला. इसाबेल गेराँ निकिया, लोराँ इलेर सोलोर, गमझात्तीला एलिझाबेथ प्लातेल. म्हार्दोळची ताई, मडगावला या, गाडीची सोय करते. काकांना पुढची खुर्ची. सुसाट, तू ओसिपोवाचं नाव काढलंस तर वडे मिळणार नाहीत. फकीर, आईंना घेऊन या, तुम्ही नाही आलात तरी चालेल.

सांखळीचे_काका

येतो. पुढची खुर्ची नको, मागची द्या. सगळा उतार एका नजरेत दिसला पाहिजे.